म्हशीच्या तोंडात हात

माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवर 'संसर्गजन्य रोगतज्ज्ञ' असं लिहिलेलं आहे, पण ते वाचून कोणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक सिस्टरला विचारतात, "तापाच्या बाई कुठं बसतेत?" सिस्टर हात दाखवते आणि माणसं येतात. डेंग्यू, कावीळ, क्षय, महिनाभर न उतरलेला ताप, कुत्रं चावलेलं, मांजर ओरबाडलेलं. दक्षिणेत शिकून बीडला परत आले तेव्हा वाटायचं, इथं करण्यासारखं खूप आहे. ते आजही खरं आहे. फक्त आता दुपारी दोनच्या सुमाराला दहा मिनिटं पाय वर घेऊन बसायला मिळालं तर बरं, एवढंच मनात असतं.

ही गोष्ट दिवाळीनंतरची. सकाळी नऊला दवाखान्यात पोचले तर आवारात दोन टेम्पो आणि ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती आणि त्यातून माणसं उतरतच होती. म्हातारे, काखेत लेकरं घेतलेल्या बायका, शाळेच्या गणवेशातली पोरं. कुठं अपघात झाला की काय म्हणून मी लगबगीनं पुढं गेले, तर कोणाच्या अंगावर साधा ओरखडा नाही. सगळे धडधाकट.

"काय झालं?" मी विचारलं.

पुढं उभ्या असलेल्या एका पागोटेवाल्या आजोबांनी हात जोडले. "काल्याचं दही खाल्लं, बाई. समद्या गावानं."

बाकीचं कळायला दहा मिनिटं गेली, कारण सांगणारे चाळीसजण होते. गाव चकलांब्याच्या पलीकडचं. गावात सप्ताह झाला होता. आठही दिवसांचं चहाचं दूध आणि शेवटच्या दिवशी काल्याला लागणारं दही गावच्या पुढाऱ्यांच्या घरचं. त्यांच्या गोठ्यातली एक म्हैस सप्ताह चालू असतानाच बिघडली. वैरण खाईना, पाणी पिईना, तोंडातून लाळेच्या तारा, आणि सारखी ओरडायची. काला झाला आणि दुसऱ्या दिवशी ती मेली. तिला पुरूनही झालं. चार दिवसांनी जनावरांचे डॉक्टर दुसऱ्याच कामाला गावात आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही पिसाळलेली असणार. मग गावाला आठवलं की पोळ्याच्या सुमाराला एक भटकं कुत्रं गोठ्यात शिरून हिच्याच नाकाडाला चावलं होतं.

आणि पिसाळलेल्या म्हशीचं दही साऱ्या गावाच्या पोटात होतं.

मी पायरीवर उभी राहून मोठ्यानं सांगितलं, दूध तापवलं होतं ना? तापवलेल्या दुधातून, चहातून, दह्यातून हा रोग जात नाही. कोणालाही सुईची गरज नाही. घरी जा.

कोणी हललं नाही.

"तापवलं व्हतं, पर आमच्या पोरानं वरली साय खाल्ली," एक बाई म्हणाली.

"मी दोन डाव घेतलं," एक म्हातारा म्हणाला. "दोन डाव घेणाराला तरी द्या."

"ह्यानं तर द्रोण चाटला, बाई."

प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं असं नाही. तेच उत्तर वेगवेगळ्या माणसांना द्यावं लागतं, आणि माणूस थकतो तो त्यानं. अकरा वाजेपर्यंत मी तेच वाक्य किती वेळा म्हणाले देव जाणे. ज्यांनी कच्चं दूध प्यायलं असेल त्यांनी बाजूला व्हा, असं म्हटल्यावर अर्धं गाव बाजूला झालं. तेवढ्यात पुढाऱ्यांचा फोन आला.

"म्याडम, माज्या गावची माणसं आलेत तुमच्याकडं. सुया देऊन टाका."

"भाऊ, त्यांना गरज नाही हो. लस थोडी असते. उद्या खरंच कुत्रं चावलेलं माणूस आलं तर मी काय देऊ?"

"गरज हाय का न्हाई ते तुमी ठरवा," ते शांतपणे म्हणाले, "पर द्या."

पाठोपाठ वरिष्ठांचा फोन. त्यांनी शास्त्र नीट ऐकून घेतलं, सगळं मान्य केलं, आणि शेवटी म्हणाले, "कशाला वाद वाढवता मॅडम, टाका उरकून." मी हट्ट सोडला. काही उमजून सोडला असं मी आजही म्हणू शकत नाही. माझे पाय दुखत होते, आणि बाहेर लेकरं रडत होती. फ्रिजमधल्या काही बाटल्या चावलेल्या माणसांसाठी मागं लपवून ठेव, असं सिस्टरला सांगायला गेले, तर तिनं ते सकाळीच केलं होतं.

दुपारभर आम्ही सुया देत होतो. एकेकाला विचारत होते, म्हशीला हात लावला होता का, लाळ लागली होती का, हातावर जखम होती का. म्हशीला बांधणारा गडी सोडला तर सगळ्यांचं उत्तर एकच. "न्हाई. दही खाल्लं."

तीनच्या सुमाराला पुढाऱ्यांच्या पत्नी गाडीतून आल्या. गाव त्यांना मालकीणबाई म्हणतं. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. त्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत, पण थेट आत घुसल्याही नाहीत. दाराशी थांबल्या, सिस्टरनं बोलावलं तेव्हा आल्या. मी त्यांनाही तेच विचारलं.

"वहिनी, म्हशीला कोण बघत होतं? लाळ कोणाच्या हाताला लागली होती?"

"गड्यानं वढून बांधली. त्याला दिली का सुई?"

"दिली. आणखी कोणी? ती पाणी पीत नव्हती म्हणता, तर घशात काही अडकलं असेल म्हणून कोणी बघितलं का?"

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. मग म्हणाल्या, "हात घातलता की."

"कोणी?"

"आमच्याकडं शेणपाण्याला येती त्या पोरीनं. मीच म्हणलं तिला, हिच्या घशात कायतरी अडकलंय, हात घालून बघ. तिचा हात बारीक हाय. तिनं पार कोपरापत्तुर घातला. म्हशीनं दाढ दाबली, खरचटलं. मी हळद लावली तिला."

मी सुई खाली ठेवली. "ती कुठं आहे? बाहेर आहे का?"

"न्हाई. ती तोडीला गेली नवऱ्यासंगं. काल्याच्या आदल्या दिशीच टोळी निघाली."

"मग इतक्या जणांत मला कोणीच तिचं नाव कसं सांगितलं नाही?"

मालकीणबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच साधी गोष्ट कळत नव्हती. "तिनं दही कुठं खाल्लंय?"

रेबीज उठलेला माणूस ज्यानं बघितला आहे त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. काही वर्षांपूर्वी धर्मापुरीकडचा एक शेतकरी माझ्या वॉर्डात होता. शुद्धीवर होता, नीट बोलत होता, लेकीच्या लग्नाचं सांगत होता. पाण्याचा पेला हातात घ्यायचा, ओठाजवळ न्यायचा, आणि त्याचा गळा असा आवळून यायचा की पेला भिंतीवर जायचा. मग तो माझी माफी मागायचा. दोन दिवस मी त्याच्याजवळ बसण्याखेरीज काही करू शकले नाही. हा रोग उठेपर्यंत पूर्ण टाळता येतो आणि उठल्यावर काहीच करता येत नाही. अख्ख्या गावात खरी गरज असून सुई न मिळालेली बाई एकच होती, आणि ती उसाच्या फडात होती.

टोळीच्या मुकादमाचा फोन बंद होता. बाईच्या नवऱ्याचा नंबर मालकीणबाईंच्या गड्याकडं मिळाला, तोही त्या दिवशी लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला लागला. मागं उसाची पाचट चुरचुरल्याचा आवाज होता. मी बीडची डॉक्टर बोलतेय म्हटल्यावर नवऱ्यानं घाबरून फोन तिच्याकडं दिला.

"आमी तर बीमार न्हाईत," ती पहिल्या झटक्याला म्हणाली.

"मालकीणबाईंच्या म्हशीच्या तोंडात तू हात घातला होतास ना?"

ती एकदम रडवेल्या आवाजात, "म्हस मेली म्हणून मला धरायलेत का? मी काय केलं न्हाई म्याडम. तिचा जीव आधीच उतरला व्हता. त्यांनीच सांगितलं म्हणून हात घातला."

"अगं, तुला कोणी धरत नाही. ती म्हैस पिसाळलेली होती. तुझा हात कसा आहे?"

"भरून आला. खपली बी गेली."

"दुखतो? मुंग्या येतात?"

"मुंग्या तर येत्यात. पर त्या कोयत्याच्या. समद्या बायकांच्या हाताला येत्यात हितं."

मी खुर्चीत सरळ झाले. जखमेच्या जागी मुंग्या येणं ही या रोगाची पहिली खूण. आणि पहाटेपासून ऊस तोडणाऱ्या, मोळ्या आवळणाऱ्या कुठल्याही बाईच्या हाताला मुंग्या येतातच. दोन्हींतलं कुठलं, हे मला तिथं बसून सांगता येणार नव्हतं.

"कुठल्या हाताला येतात?"

"दोन्ही."

"जास्त कुठल्या?"

"उजव्या."

"म्हशीच्या तोंडात कुठला घातला होतास?"

"उजवाच की."

"पाणी नीट पितेस?"

"पाणी कावून पिणार न्हाई? उन्हात घागर संपती."

"आत्ता पी. फोन चालू ठेव. मला ऐकू दे."

तिला मी वेडी वाटले असेन. तिनं नवऱ्याला काहीतरी सांगितलं, तांब्या घागरीत बुडाल्याचा आवाज आला, मग घटाघट घोट. एक, दोन, तीन. मी मोजत नव्हते असं म्हणणार नाही. माझ्यासमोर एक ताप आलेला माणूस आणि त्याची बायको बसली होती. ती दोघं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"पेले," ती म्हणाली. "आता?"

आता, मी सांगितलं, कामावरून उठायचं आणि जवळच्या दवाखान्यात जायचं. आज. तिथं तुझ्या हातात एक औषध भरतील आणि दंडावर सुया देतील.

"कसं जाऊ? हे तोडतेत, मी बांधती. मी गेले तर मोळ्या कोण बांधील? आन हात तर भरलाय."

इतकी वर्षं मी ही गोष्ट गोड करून सांगायला शिकले होते. त्या दिवशी ताकद नव्हती. "हे बघ," मी म्हटलं, "हा रोग उठला की माणूस जगत नाही. कोणीच जगत नाही. उठायच्या आधी सुई घेतली तर उठत नाही. इतकंच आहे."

ती हळू म्हणाली, "मुकादमाला तुमी सांगा. माजं कोण ऐकतंय?"

मुकादमाला मी सांगणार होते, पण तो माझा फोन उचलेना. शेवटी मालकीणबाईंना फोन केला. पुढाऱ्यांना का केला नाही, हे मला नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांनी आधी मला बाकीच्या गावाच्या दुसऱ्या सुईचं विचारलं असतं. मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, "वाचंल का?"

"गेली तर वाचेल. मुंग्या कोयत्याच्या असल्या तर."

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्यांचाच फोन आला. "गेली ती. मुकादमानं सोताच्या फटफटीवर नेली. माज्या माहेरचा हाय तो."

"काय सांगितलंत त्याला?"

"म्हणलं, त्या पोरीला हात घालायला मी लावला. ती मेली तर गाव मला बोल लावील. आन मग मी तुला लावीन."

कारखान्याजवळच्या त्या लहान दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी आधी कधी भेटले नव्हते. फोनवर त्यांचा आवाज माझ्याइतकाच शिणलेला होता. "सिरम आहे आमच्याकडं, मॅडम. भरतो." सिरम म्हणजे जखमेच्या जागीच टोचून भरायचं औषध, ते मनगटाशी भरताना माणूस ओरडतो. त्यांनी मला हाताचा फोटो पाठवला. मनगट टम्म फुगलेलं आणि त्यावर दाढेच्या दोन फिकट खुणा. खुणा खऱ्या होत्या. तोपर्यंत माझ्या मनात कुठंतरी आशा होती की खरचटलंच नसेल.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण काही घडलंच नाही. रोज ओपीडी. डेंग्यू ओसरला, खोकले सुरू झाले. गावची माणसं दुसऱ्या सुईला आली ती निम्मी, तिसरीला त्याहून कमी. शेवटच्या सुईच्या दिवशी एक आजोबा, एक बाई आणि पुढारी एवढेच आले. पुढाऱ्यांनी चारही सुया वेळच्या वेळी घेतल्या; त्या बाबतीत त्यांना बोलायला जागा नाही. द्रोण चाटलेल्या पोराचं पुढं काय झालं मला माहीत नाही. धडधाकट असणार.

तिकडं टोळी दुसऱ्या फडावर हलली आणि त्या बाईची तिसरी सुई दोन दिवस चुकली. मी मुकादमाला फोन लावला, आता तो उचलायचा, आणि उचलल्याबरोबर म्हणायचा, "नेतो म्याडम, नेतो." नेली. पण मुंग्यांचं भय सरलं नाही. सुया घेतल्या तरी आधीच उशीर झाला असेल तर? अनोळखी नंबरचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून तो उचलायचे. एकदा असाच वाजला तर विम्याचा माणूस होता, आणि मी त्याच्याशी इतकं प्रेमानं बोलले की तोच बावचळला.

महिन्यानं तिनं आपणहून फोन केला. मुंग्या दोन्ही हातांना सारख्या येत होत्या. नव्यानं काही नाही, पाणी पीत होती, भाकरी खात होती. मी दाराला कडी लावून पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मग पुढच्या माणसाला आत बोलावलं.

हंगाम संपत आला तेव्हा एका शनिवारी पुन्हा तिचा फोन. "म्याडम, आमी गावाकडं निघालोत. उद्या सकाळी मांजरसुंब्याला च्याला थांबणार हाय ट्रॅक्टर. तुमी म्हणल्या व्हत्या, हात बघायचाय."

मी तसं म्हटलं होतं का, आठवत नव्हतं. रविवार माझा झोपायचा वार. पण इतके महिने नुसता आवाज ऐकलेल्या बाईचं तोंड तरी बघावं, म्हणून गाडी काढली.

चौकातल्या ढाब्यापुढं ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्या, त्यात फडावर राहायच्या कोप्यांचे बांबू, भांडी, कोंबड्यांची खुराडी आणि वर बसलेली माणसं. माझ्या डोक्यात चाळिशीची दणकट बाई होती. समोर आली ती पंचविशीची, काडीसारखी पोरगी, केसांवर टॉवेल बांधलेला. तीही मला बघून थबकली.

"तुमी व्हय? आवाजावरनं तरण्या वाटल्या व्हत्या."

आम्ही ढाब्याच्या बाकड्यावर बसलो. मी तिचा हात हातात घेतला. तळव्याला दगडासारखे घट्टे, मनगटापाशी दोन पांढऱ्या रेघा. बोटं हलवायला लावली, चिमटा काढून बघितला, काही पथ्यं सांगितली जी ती पाळणार नव्हती.

"सुई लई दुखली," ती म्हणाली. "म्हस चावली तवा येवढं दुखलं न्हाई. त्या डॉक्टरला मी शिव्या दिल्या."

"चालतं. आम्हाला सवय आहे."

ती हसली. मग म्हणाली, मालकीणबाईंनी सांगावा धाडलाय, नवी म्हैस आणलीय, परवापासून ये शेणपाण्याला. मी म्हटलं, जा, पण एक लक्षात ठेव. जनावर पाणी पीत नसेल, लाळ गाळत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालायचा नाही.

"मग कोण घालील?" तिनं विचारलं.

ती वाद घालत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की आपण नाही तर त्या घरात दुसरं कोण. मी म्हटलं, कोणीच नाही, कोणीच घालायचा नाही. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं असं वाटलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. तिनं बशीत उरलेला चहा पिऊन टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि पळत जाऊन ट्रॉलीवर चढली. वरून तिच्या नवऱ्यानं मला हात जोडले.

मी आणखी एक चहा मागवला आणि तो निवेपर्यंत तशीच बसून राहिले. घरी येऊन जेवले आणि संध्याकाळी पाचपर्यंत झोपले. इतकं सलग मी बऱ्याच दिवसांत झोपले नव्हते.